जबाबाची तालीम

सोमवार, ३

पोचलो एकदाचा. बॅग टेकवायच्या आधी मोरी बघितली. हॉटेल कसं आहे ते दर्शनी भागावरून कळत नाही, मोरीवरून कळतं, हे कपबश्या विसळण्यापासून सुरुवात केलेला माणूस सांगतोय. मोरी लख्ख. जीव तिथंच भांड्यात पडला.

जागा झकास आहे. पुढे मोठं दालन, उंच खिडक्या, टेबलांवर पांढरेशुभ्र कपडे. आत एक छोटं दालन, त्याला जाड पडदा. मग स्वयंपाकघर, त्याला लागून कोल्ड रूम, आणि मागचं दार, जे गल्लीत उघडतं. स्वयंपाकघरातूनच एक लाकडी जिना वर जातो, तिथं माझी खोली. दुपारची जेवणं उरकली आणि संध्याकाळची तयारी सुरू व्हायला अवकाश असला की कुठल्याही हॉटेलात एक निवांत वेळ येते. तेव्हा बूट काढून, चहा घेऊन चार ओळी लिहायच्या, ही माझी तरुणपणापासूनची खोड. दिवसभर लोकांशी गोड बोलल्यावर माणसानं थोडं स्वतःशीही बोलावं.

माणसं तीनच लक्षात ठेवण्याजोगी. वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी: मान रांजणासारखी, आणि शब्दाला पैसे पडत असल्यासारखं बोलणं. कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा म्होरक्या: काडीसारखा, पिकलेला, चालताना डावा गुडघा कट् वाजतो, त्यामुळे न बघता कळतं कुठं आहे ते. आणि भांडी घासणारी मावशी, तिच्या तोंडाला नळासारखीच धार. मला काय म्हणायचं, असं तिनंच विचारलं. म्हटलं, मामा म्हणा, सगळीकडे मामाच म्हणतात. त्यावर ती म्हणाली की बरं झालं, आम्हाला बनवायचे कष्ट वाचले. वस्तादसुद्धा हसला. जमेल असं वाटतं.

एक गोष्ट मेहुण्यानं सांगितली नव्हती. त्यानं एवढंच सांगितलं होतं की मॅनेजरची जागा रिकामी झालीय. कशी रिकामी झाली ते आज मालकांच्या वकीलसाहेबांनी सांगितलं, चहात साखर ढवळत, अगदी मृदू आवाजात. आधीच्या मॅनेजरचा खून झाला. इथंच, कोल्ड रूममध्ये. एका शनिवारी, दुपारी. तपास चालू आहे, आटपत आलाय.

मालकांना इथं ‘मोठे’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली जातो. नदीच्या अलीकडे जे काही चालतं ते मोठ्यांचं. पलीकडे जे चालतं ते ज्याचं, त्याला नावच ‘पलीकडचा’. खून त्यानंच केला म्हणतात. मी काही दुधखुळा नाही. पण गल्ल्यावर बसणाऱ्यानं गिऱ्हाइकाचे हात बघावेत, ते कशानं मळले हे विचारू नये, या एका नियमावर मी आजवर तरलो. महिन्याभरात बस्तान बसलं की हिला आणि मुलीला घेऊन यायचं. भाड्याच्या एका खोलीत फार वर्षं काढली बिचाऱ्यांनी.

मंगळवार, ४

कोल्ड रूमला सील आहे. दाराच्या फटीवर कागद, कागदावर लाख, लाखेवर शिक्का. म्हणजे मांस-मासळी दिवसातून दोनदा आणायची, बर्फाच्या लाद्या मोरीशेजारी रचायच्या, आणि बर्फ वितळून वस्तादच्या पायात पाणी आलं की त्याची बोलणी आपण खायची. कुणाची म्हैस नि कुणाला उठबस.

इन्स्पेक्टर ऐन जेवणाच्या गर्दीत आले. आतल्या दालनात बसून सूप मागवलं आणि माझ्या माणसांना एकेक करून आत बोलावलं. पडदा जाड असला तरी माझे कान पातळ आहेत. कढईतल्या तेलाच्या आवाजावरून मला कळतं आत काय पडलं ते. ऐकलं. कॅप्टन म्हणाला, मॅनेजर आत होते, पलीकडचा मागच्या दारानं आला, बाचाबाची झाली, मी धावलो, तोवर उशीर झाला होता. मावशी म्हणाली, मॅनेजर आत होते, पलीकडचा मागच्या दारानं आला, बाचाबाची झाली, मी धावले, तोवर उशीर झाला होता. वस्ताद तेच म्हणाला, फक्त दोनदा अडकला.

पोपट बरे. पोपट निदान मधे शीळ तरी घालतात.

इन्स्पेक्टरांनी सगळ्यांना उद्या पुन्हा यायला सांगितलं. सील कधी निघेल असं मी अदबीनं विचारलं. त्यांनी आणखी सूप मागवलं.

गुरुवार, ६

आज तिसऱ्यांदा तेच. तेच सूप, तोच पडदा, तोच ‘तोवर उशीर झाला होता’. मेजवानीची एक मोठी मागणी परत पाठवावी लागली, ठेवायला थंड जागाच नाही. माझ्या हातून गिऱ्हाईक परत गेलं की मला अपचन होतं.

शेवटी इन्स्पेक्टरांसमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, साहेब, अडलंय कुठं तेवढं सांगा. माणूस मोकळा निघाला. म्हणाले, प्रेत सापडलेलं नाही. जमिनीवर रक्त होतं, पण स्वयंपाकघरात रक्त सापडलं यात काय मोठंसं, पलीकडच्याचा वकील कोर्टात हसेल. प्रेत मिळेल तेव्हा मिळेल, तोवर जबाब असे हवेत की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस पडला पाहिजे. आणि ही तुमची माणसं तर पाढे म्हणतात.

वकीलसाहेब शेजारीच होते. त्यांनी हलकेच विचारलं, मामा, वाढप्यांना बोलायला तुम्हीच शिकवता ना?

मी हो म्हटलं. सील निघणार असेल तर मी बर्फाच्या लादीलाही बोलायला शिकवीन.

शनिवार, ८

दार उघडण्याआधी सगळ्यांना ओळीत उभं करायची पद्धत प्रत्येक चांगल्या हॉटेलात असते. आज काय आहे, काय संपलंय, कशाची शिफारस करायची, ते कॅप्टन सांगतो आणि बाकीचे म्हणून दाखवतात. आजपासून त्याच्या शेपटीला जबाबाची तालीम जोडली.

मी त्यांना तेच सांगितलं जे आयुष्यभर वाढप्यांना सांगत आलोय. पदार्थांची नावं घोकल्यासारखी म्हटलीत की गिऱ्हाइकाला भूक लागत नाही. आत्ताच आठवल्यासारखं बोला. हातात काय होतं ते सांगा, हातात वस्तू आली की बोलण्यात जीव येतो. कॅप्टन, तुझा गुडघा असा, तू धावशील कसा? तू भरभर चालत गेलास आणि वाटेत टेबलाला धरलंस. मावशी, तू मोरीकडे तोंड करून असतेस, तुला दिसणार काय? तू फक्त ऐकलंस. नळ बंद केलास आणि ऐकलंस. वस्ताद, तू कमी बोलतोस ना, मग कमीच बोल. एकच गोष्ट सांग, पण नीट.

मावशी म्हणाली, सगळं खरं, पण मॅनेजर त्या वेळी काय करत होते ते आम्हाला कुठं ठाऊक? म्हटलं, कुठलाही मॅनेजर त्या वेळी काय करेल? बूट काढून वर बसेल, चहा घेईल, काहीतरी लिहील. खाली कुणी तावातावानं आलं की उतरेल आणि आधी समजूत घालेल. मी असतो तर म्हटलं असतं, ‘अहो, बसा तर खरं.’ आजवर या चार शब्दांवर मी दारुडे बसवलेत, सावकार बसवलेत, एकदा तर नवरीचा रुसलेला बापही बसवलाय.

सगळे हसले. कॅप्टननं ते शब्द दोनदा म्हणून बघितले. पहिल्यांदा जमले नाहीत, म्हणून मी म्हणून दाखवले.

मंगळवार, ११

माझी पाठ मीच थोपटतो. आज मावशीचा जबाब ऐकून इन्स्पेक्टर चमचा सूपात तसाच ठेवून बसले. नळ बंद केल्यावर तिला आधी दाराची कडी ऐकू आली, मग कुणीतरी हसल्यासारखं, आणि मग कोल्ड रूमच्या मोटरीची घरघर मोठी झाली, म्हणजे दार उघडं राहिलं होतं. हे मी शिकवलेलं नव्हतं. बाई हाडाची कलावंत निघाली.

तरी सील काही निघेना. विचारलं तर म्हणतात, मेलेला माणूस अजून नीट दिसत नाही. कसा होता, उंच की ठेंगणा, काय घालायचा. मी म्हटलं, त्याच्यासोबत काम केलेली माणसं समोर बसलीत, विचारा की. विचारलं. कॅप्टन म्हणाला ठेंगणा, वस्ताद म्हणाला मध्यम, आणि मावशी माझ्याकडे बघत राहिली.

रोज एक पाऊल पुढे नि दोन मागे. हिचा फोन आला, कधी नेताय म्हणून विचारत होती. मुलीनं म्हणे नव्या शाळेचं दप्तर आत्ताच भरून ठेवलंय. मी उगाच चिडलो. मग वाईट वाटलं, पण तोवर तिनं ठेवला होता.

शुक्रवार, १४

आज देव पावला, असं निदान दुपारपर्यंत वाटत होतं.

सकाळी मासळीवाला पेट्या उतरवताना म्हणाला की तुमचा आधीचा मॅनेजर भेटला होता. मी म्हटलं, कुठं, स्वप्नात? तर नाही. दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका गावात त्यानं चहाची टपरी टाकलीय, दाढी वाढवलीय, पण माणूस तोच. मासळीवाल्यानं हाक मारली तर आधी ओळखच देईना. मग जवळ येऊन हळूच विचारलं की नवा आला का. आला म्हटल्यावर विचारलं, नवा कसा आहे, जाड की बारीक? जाड आहे म्हटल्यावर चहाचे पैसेही घेतले नाहीत.

प्रश्न जरा चमत्कारिक, पण मला त्याचं काय. मेलेला माणूस जिवंत आहे, म्हणजे खून नाही, तपास नाही, सील नाही. मी इन्स्पेक्टरांची वाटच बघत बसलो. आल्या आल्या सांगितलं, आणि खरं सांगायचं तर शाबासकीसाठी जरा थांबलोही.

त्यांनी तोंड पुसलं. हे आणखी कुणाला सांगितलंत, असं विचारलं. कुणालाच नाही म्हटलं. बरं केलंत म्हणाले. मग पडद्याकडे वळून हाक मारली, ‘कॅप्टन, या. तो आत आला तिथपासून सांगा.’

आणि कॅप्टननं सांगितलं. जिवंत माणसाच्या खुनाचा जबाब, टेबलाला धरण्यासकट. मी तिथंच उभा होतो. माझ्याकडे कुणी बघेना. भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत निदान आवाज तरी करते.

वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, मामा, तुम्ही स्वयंपाकघर बघा, कायद्याचं आम्ही बघतो.

सोमवार, १७

मासळीवाला बदलला. का, ते कुणाला माहीत नाही. नवा माणूस खाली मान घालून पेट्या उतरवतो आणि जातो.

तालमीला मी आज उभा राहिलो नाही. म्हटलं, नसलेल्या खुनाची तालीम मी घेत नाही. वरच बसलो. त्यांनी माझ्याविनाच सुरू केली. जिन्याच्या फटीतून सगळं ऐकू येतं.

इतके दिवस ‘मॅनेजर’ म्हणत होते. आज कॅप्टन म्हणाला, ‘मामा’.

मामा वर होते, बूट काढून. पलीकडचा आला तसे अनवाणीच खाली आले. पोट धरून हसायची त्यांना सवय, तसेच हसत आले. म्हणाले, अहो, बसा तर खरं.

आवाज हुबेहूब. माझ्या अंगावर काटा आला आणि त्यातही एक मेलं समाधान वाटलं की शब्द आता बरोबर पडले.

खाली जाऊन मी विचारलं, ही काय थट्टा? कुणी हसलं नाही. मावशी म्हणाली, तुम्हीच म्हणाला होतात ना, डोळ्यांसमोर एक माणूस धरून बोला म्हणून. असं मी म्हणालो होतो? म्हणालोही असेन. मी वाढप्यांना नेहमी तेच सांगतो.

संध्याकाळच्या गर्दीत हात चालत राहिले आणि डोकं आपोआप जुळवत राहिलं. पलीकडच्याला फासावर द्यायचं तर खून हवा. जबाब आहेत, जागा आहे, रक्त आहे, इन्स्पेक्टर आहे. आधीच्याला कुणकुण लागली, तो निसटला. मग मेहुण्याला सांगितलं, जागा रिकामी झालीय.

प्रेत मिळेल तेव्हा मिळेल, म्हणाले होते ना.

मंगळवार, १८

पहाटे बॅग भरली होती. मग विचार केला की पळण्यापेक्षा यांचं ताट उधळावं. जबाब माझ्या मापाचा शिवलाय ना, मग मीच बदलतो. सकाळी मिशा काढल्या, वीस वर्षांच्या. पांढऱ्या शर्टाऐवजी चौकडीचा घातला. कुणाशी हसलो नाही, गिऱ्हाइकांशीसुद्धा नाही. दुपारी वर न जाता पुढच्या दालनात खिडकीपाशी सगळ्यांच्या देखत बसलो. म्हटलं, आता बोला.

बोलले. संध्याकाळी इन्स्पेक्टरांसमोर. मी पडद्याला कान लावला.

कॅप्टन म्हणाला, चार दिवस आधीच मामांनी मिशा काढल्या. आम्ही चेष्टा केली तर हसलेही नाहीत. पांढऱ्याशिवाय शर्ट न घालणारा माणूस, तो चौकडीचा घालायला लागला. दुपारी वर जाईना, खिडकीत बसून रस्ता बघायचा. कुणाला तरी घाबरला होता, साहेब. कुणाला, ते पुढे कळलं.

इन्स्पेक्टर बराच वेळ लिहीत होते. शाबास म्हणाले.

मी जे करतो त्याची जबाबात भरच पडते. डाळीत पाणी वाढवावं तशी डाळ वाढतेच आहे.

बुधवार, १९

आज निघालो. खरंच निघालो. बॅग नाही, काही नाही, बाजाराला जातो म्हणून. बसमध्ये बसलोही. आणि फोन वाजला.

ही. आवाज इतका आनंदी की मला आधी कळेना. मोठ्यांनी गाडी पाठवली होती म्हणे. तुम्हाला चकित करायचं होतं. नदीकाठचा बंगला, मागे बाग, बागेत झोका, मुलगी झोक्यावरून उतरायला तयार नाही. वकीलसाहेब किती सज्जन माणूस, स्वतः उभं राहून सामान लावून घेतलं. तुम्ही कधी येताय? ते म्हणाले, रविवारी येतील. आत्ता कुठं आहात, मागे एवढा आवाज कसला?

मी म्हटलं, बाजारात आहे.

बसमधून उतरलो. स्टँडच्या फाटकाशी कॅप्टन उभा होता. माझ्या हातातली रिकामी पिशवी त्यानं घेतली. कट्, कट् करत माझ्या बरोबरीनं चालत आला. वाटेत फक्त एकदा म्हणाला, ‘मामा, आमचीपण मुलंबाळं आहेत.’

रागावलोसुद्धा नाही मी. कुणावर रागावणार? वाईट एवढंच वाटतं की — माझेच शिकवलेले शब्द सारखे पायात येतात, माझेच —

गुरुवार, २०

सकाळच्या ओळीत सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. प्रत्येकानं फक्त एक शब्द चुकवा. मावशी, तू म्हण नळ चालू होता. वस्ताद, तू म्हण आठवत नाही. एवढंच. कुणाला कळणार नाही, आणि सगळं कोसळेल.

वस्ताद भिंतीकडे वळला. मावशी रडली. खरं रडली, ते कानाला कळतं.

दुपारी इन्स्पेक्टरांसमोर तिनं सांगितलं — मरायच्या आधी दोन दिवस मामांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि म्हणाले, मला माहीत आहे. आम्हाला वाटलं काहीतरी बरळतायत. आणि पुन्हा रडली. त्याच जागी, तसंच.

इन्स्पेक्टरांनी पेनला टोपण घातलं. सूप न पिताच उठले. मला म्हणाले, ‘मामा, आता पटलं. तपासात आता काही कमी नाही.’ खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, वहिनींची काळजी करू नका. त्यांना काही होणार नाही. त्यांचा जबाब शेवटी घ्यायचाय, त्यांना धडधाकट ठेवणं आमचंच काम.

मरायच्या आधी दोन दिवस — म्हणजे शनिवार. कुठला शनिवार, हे मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं.

शुक्रवार, २१

सील काढलं.

ज्यासाठी इतकी डोकेफोड केली ते दार आज सताड उघडं. आतून धुतलेलं. मोटर नवी. मी सवयीनं वस्तादला म्हटलं, मांस आत लावून घे, बर्फाची कटकट गेली.

आज नको, मामा, म्हणाला. बर्फावरच ठेवलं सगळं. आत काहीच ठेवलं नाही. एक पेटी नाही. घरघर चालू आहे नुसती.

हिला फोन. तिला सांगावं — पण सांगितलं की ते तिच्या जबाबात जाणार. मामा फोनवर घाबरलेले होते. नाही सांगितलं तरी जाणार. मामा फोनवर नेहमीसारखे बोलले, त्यांना काही कल्पना नव्हती. मग निदान तिला बरं वाटेल ते. झोक्याचं विचारलं. मुलीला दिला फोन. तिनं विचारलं, बाबा, मिशा का काढल्या? आईला कुणी सांगितलं माहीत नाही. म्हटलं, वाढतील.

शनिवार, २२

दुपार. जेवणं उरकली. पुढचं दार लावून घेतलं त्यांनी, मला न विचारता. बूट काढलेले नाहीत. चहा नको म्हटलं, तरी कुणीतरी ठेवून गेलंय.

खाली ओळीत उभे आहेत. या वेळेला कधी उभे राहत नाहीत. म्हणून बघतायत एकदा. कान लावायची गरज नाही —

मावशी. नळ बंद. छान. घाई नाही.

वस्ताद. एकच गोष्ट. नीट.

मागच्या दाराची कडी — ही तालमीतली की खरी —

कॅप्टन. तो म्हणतोय, मामा वर लिहीत होते. मी जिन्यातून हाक मारली. ते लगेच उठले नाहीत. आतून म्हणाले, आलो, एवढी ओळ संपवतो.

हे मी कधी बोललो नाही. हे त्यानं स्वतःचं घातलंय. हे मी म्हणणार नाही. काही झालं तरी — तोंड मिटून बसेन, एक शब्द तरी चुकेल त्यांचा, एक तरी —

जिन्यावर. कट्. कट्.

हाक मारली. मामा म्हणाला. हळू, लाजल्यासारखा.

मी गप्प आहे. मी गप्प

पुन्हा मारली हाक. आणि मी म्हटलं — तोंडातून गेलं, सवयीनं, लिहिता लिहिता — आलो, एवढी ओळ